गल्ल्यामागचा माणूस

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हुकसेट नावाचं गाव आहे. तिथे राल्फ डिमिको यांचं बंदुकांचं दुकान होतं, रायलीज. धंदा चोख. १९६८च्या कायद्यानुसार त्या देशात बंदुकांचं दुकान चालवायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. प्रत्येक विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि त्याची पूर्वपीठिका सरकारी यंत्रणेकडून तपासून घ्यावी लागते. उत्तर बहुतेकदा काही मिनिटांत येतं.

२००९ साली आठवडाभराच्या आत या दुकानातून तीन माणसांनी बंदुका नेल्या. तिघे एकमेकांना ओळखतही नव्हते. खरेदीनंतर काही तासांतच तिघांनी आपलं आयुष्य संपवलं.

ही गोष्ट डिमिकोंच्या कानावर आली. विक्रीत बेकायदा काहीच नव्हतं. तो फॉर्म विचारतो, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, कोर्टाने कधी मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं आहे का. बायको काल घर सोडून गेली का, नोकरी आज सकाळी सुटली का, हे त्यात कुठेच नाही, आणि असतं तरी खरं उत्तर कोण लिहिणार? परवान्याकडे बोट दाखवून डिमिको मोकळे होऊ शकले असते. त्यांना कुणी जाबही विचारला नसता. पण ते हादरून गेले. आपल्याला काही करता येईल का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

मग ते सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्या इलेन फ्रँक आणि हार्वर्डच्या कॅथरीन बार्बर यांच्याबरोबर बसले. इतर दुकानदार आले, बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी भांडणारेही आले. अमेरिकेत ही माणसं सहसा एका टेबलाशी बसत नाहीत. इथे बसली, कारण बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद त्यांनी बाजूला ठेवला. समोरचं माणूस आज वाचलं पाहिजे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मला या कथेत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

त्यांनी दुकानदारांसाठी एक पत्रक काढलं. बंदुकीतलं काही कळत नाही, शिकायची इच्छा नाही, कोणतीही द्या म्हणतो, साफसफाई आणि देखभालीचं विचारत नाही, बोलता बोलता घटस्फोटाचा किंवा नोकरी गेल्याचा उल्लेख करतो, अशा गिऱ्हाइकाशी थांबून बोला. शंका आली तर विकू नका. परवान्याने तुम्हाला विकण्याची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. दुकानात लावायला भित्तिपत्रकंही केली: घरातलं कुणी खचलं असेल तर त्याचं मन सावरेपर्यंत बंदूक दुसरीकडे ठेवा. ही घडी अनेकदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ हाताशी हत्यार नसलं तर पुष्कळ माणसं जगतात. आत्महत्या रोखण्याचं काम करणारे हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

हे सगळं ऐच्छिक होतं. पुढे न सांगता दुकानांना भेटी देऊन पाहिलं, तेव्हा जवळपास निम्म्या दुकानांत यातलं काही ना काही लावलेलं आढळलं. उरलेल्या निम्म्यांत नव्हतं. कायद्याची सक्ती नसली की असंच होणार, असं कुणी म्हणेल. पण कोणता कायदा गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला लावणार होता? नंतर इतर राज्यांतल्या दुकानदारांनीही हा उपक्रम उचलला.

आपल्याकडे बंदुकीच्या जागी कीटकनाशक येतं. ते विकायलाही परवाना लागतो, आणि तो कायदाही १९६८चाच आहे. श्रीलंकेत कीटकनाशक विक्रेत्यांना खचलेलं गिऱ्हाईक ओळखण्याचं प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं आहे. यवतमाळ-वाशीमकडच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर बसणाऱ्याला तर गिऱ्हाईक नावानिशी ठाऊक असतं. कुणाची कपाशी बुडाली, कुणाची उधारी थकली, हे त्याच्याच वहीत लिहिलेलं असतं. पेरणी-फवारणीचे दिवस नसताना, पिकाचं काही न बोलता कुणी एकच डबा मागितला, तर त्याला आधी बसवून चहा द्यायचा आणि घरी फोन लावायचा, हे त्या दुकानदाराला आजवर कुणी सांगितलं आहे का? कृषी खात्याने परवाना देतानाच ते सांगायला हवं.