लेपाआडचा स्पर्श

पावसाळा सरला की हैदराबादच्या जामबागेत, १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या आसपास, एखाद्या जुन्या खिडकीचा गज जवळून पाहावा. वरून रंग तुकतुकीत. एकाच जागी फुगवटा. नखाने टोकरले की पापुद्रा निघतो आणि तांबूस भुगा बोटाला लागतो. वर रंग असताना लोखंड गंजते, कारण पाण्याच्या आणि प्राणवायूच्या रेणूंना त्या थरातूनही वाट सापडते.

यावर उपाय म्हणून हल्ली इपॉक्सी लेपात ग्राफीनचे पापुद्रे मिसळतात. ग्राफीन म्हणजे एका अणूइतका जाड कार्बनचा थर, मँचेस्टरला २००४ साली वेगळा काढलेला. पापुद्रे कौलांसारखे एकावर एक पसरले की रेणूला दर ठिकाणी वळसा पडतो. पाणी कायमचे अडत नाही, त्याचा प्रवास लांबतो. त्यातही एक धोका आहे: ग्राफीनमधून वीज वाहते, म्हणून लेपाला ओरखडा पडला तर तिथला गंज उलट वेगाने वाढू शकतो. बोरॉन नायट्राइडच्या तशाच पातळ थरातून वीज वाहत नाही, त्यामुळे ही भीती तिथे नाही.

कायम टिकणाऱ्या लेपाची आस मात्र फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली. कवठासारख्या जिनसांचा काढा आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस मिसळायचे आणि गरम असतानाच देवळांना, मूर्तींना लावायचे. हा लेप कोटी वर्षे टिकतो, असे त्याचे म्हणणे.

पंढरपुरात वज्रलेप हा शब्द अजून चालतो. पदस्पर्शदर्शनाने विठ्ठलाचे पाय झिजतात. जून २०२० मध्ये, आषाढीच्या तोंडावर, पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीला वज्रलेप केला. तसा तो आधीही झाला होता. मग भाविकाने कपाळ टेकले ते पायांवर की लेपावर?

प्रश्न श्रद्धेचा आहे, रसायनशास्त्राने तो सुटायचा नाही. पण उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावतात, तेव्हा देव चंदनाआड गेला असे कुणाला वाटत नाही. ती उटी सेवा असते. वज्रलेपही तसाच मानावा. लाखो हातांची झीज तो आपल्या अंगावर घेतो आणि पुढच्या पिढीच्या कपाळासाठी पाय राखतो. त्या झिजेतच स्पर्श पोहोचल्याची खूण आहे.

उटी त्याच दिवसापुरती, वज्रलेप काही वर्षांपुरता. तो उतरला की पुन्हा कुणीतरी गाभाऱ्यात वाकून हलक्या हाताने पाय पुसायला घेतो. इकडे जामबागेत रंगारी पॉलिशपेपरने गज घासतो, भुगा फुंकतो आणि रेड ऑक्साइडचा पहिला हात मारतो.