निवळणे आणि निर्मळ होणे

पावसाळ्यात आदिलाबादच्या उत्तर सीमेवरील पैनगंगा गढूळ होते. असे पाणी न गाळता स्वच्छ करण्याची आपली जुनी रीत म्हणजे घागरीच्या आतल्या अंगास निवळीचे बी घासून पाणी स्थिर ठेवणे. बिअर करणारेही गाळणी टाळायची असल्यास जिलेटिन किंवा माशाच्या हवापिशवीपासून काढलेले द्रव्य घालतात. ते तरंगणाऱ्या यीस्टच्या कणांना एकत्र आणते आणि त्यांच्यासह तळाशी जाते.

गाळणी मळ अडवून स्वतः बाहेर राहते. निवळीला मात्र मळाबरोबर बुडावे लागते. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘आत्मबोधा’त हाच दाखला आहे : ज्ञान अज्ञान घालवून स्वतःही निवळीच्या पुडीप्रमाणे नाहीसे होते.

शासकीय सेवेत बांधांचे नि वाटण्यांचे तंटे पाहताना आम्हांस याचा अर्थ उमगला. दोन्ही पक्षांचा राग जो मध्यस्थ स्वतःकडे ओढून घेतो, त्याच्याच हातून वाद शमतो. निकालानंतरही जो उपकाराची आठवण देत वर तरंगतो, तो नवा गढूळपणा ठरतो.

परंतु निवळलेले सारेच निर्मळ नसते. नितळ पाण्यातही रोगजंतू असू शकतात. ते उकळावेच लागते. तद्वत घरातील वा गावातील शांतता म्हणजे न्याय नव्हे. तळाशी बसलेला अन्याय घागर हलताच वर येतो. म्हणून निवळलेले पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढावे, आणि घागरीचा तळ धुण्यास विसरू नये.