न विचारलेला त्याग

दिवाळीच्या दिवसांत हिशेबाचा विषय काढू नये, असे म्हणतात. पण हिशेबाच्या वह्यांची पूजा आपण करतो ती दिवाळीतच! तेव्हा माझ्या वहीतले एक न मिटलेले खाते मी आज वाचकांपुढे उघडले, तर फराळाच्या ताटावर बसलेली मंडळी रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

माझे गाव आंबागड. भंडारा जिल्ह्यात, तुमसरपासून सुमारे आठ मैलांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी ते वसले आहे. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, राजा खान पठाण नावाच्या सरदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. लहानपणी आम्ही त्या पडक्या भिंतींवर चढून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत बसत असू. आम्ही म्हणजे मी आणि बाई. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पण मध्ये तिची शाळा सुटली आणि पुन्हा सुरू झाली, म्हणून चौथीत आम्ही दोघे एकाच वर्गात होतो. वर्गात पहिली ती आली. मी तिसरा आलो.

पुढची शाळा तुमसरला होती. ही गोष्ट १९६२ सालची. त्या वर्षी धान बरे पिकले होते. वडिलांनी कोणाची तरी वापरलेली सायकल विकत घेतली. काळी, उंच, दांड्याची, आणि घंटी नसलेली. ती अंगणात उभी राहिली तेव्हा अर्धे गाव पाहायला जमले होते. वडील म्हणाले, "सायकल एक आहे, जाईल एक." एवढे बोलून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाई तेव्हा ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. ती रडली नाही. आत गेली आणि माझ्यासाठी भाकर बांधायचे फडके शोधू लागली.

मी शाळेतून परत आलो की सायकल संध्याकाळी तास-अर्धा तास रिकामी असे. तेवढ्यात बाई ती बोडीच्या पाळीमागे नेई आणि दांड्याखालून पाय घालून, कैची मारून चालवी. तिला पडताना मी अनेकदा पाहिले. घरी ती कधी सांगत नसे. फुटलेल्या गुडघ्याला हळद लावून ती चुलीपुढे बसे.

आम्हा दोघांचा आणखी एक उद्योग होता. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. मी शिवणीच्या लाकडाचे नंदी कोरीत असे आणि बाई ते रंगवी. पळसाची फुले, हळद, गेरू, चुना, काजळी एवढेच तिचे रंग. पण तिच्या हातून डोळा उतरला की लाकूड आपल्याकडे पाहू लागे. श्रावणात ते नंदी मी सायकलच्या कॅरिअरला बांधून तुमसरच्या बाजारात विकी. त्या पैशांतून माझी पुस्तके येत. वाचकांनी हा हिशेब जरा पुन्हा वाचावा. शाळेत मी जात होतो, आणि पुस्तकांचे अर्धे पैसे तिच्या बोटांतून येत होते.

पुढे मी नागपूरला गेलो. सायकल रेल्वेच्या मालडब्यात घालून नेली. इतवारीत एक खोली, सकाळी कॉलेज, दुपारी एका दुकानात हिशेबनिशी, आणि नंतर कचेरीत कायमची नोकरी. नवे शहर माणसाला आधी लहान करते आणि मग हळूहळू मोठे करते. सायकलमुळे मला नागपूर लवकर आपले झाले. सीताबर्डी, महाल, धंतोली या वस्त्या मी पायांच्या पोटऱ्यांनी शिकलो. कोरीवकामाचा छंदही सुटला नाही. रविवारी पटाशी घेऊन बसलो की शहराचा गलबला कानावरून निघून जाई. चार लोक कौतुक करू लागले. एकदा छोटेसे प्रदर्शनही भरले. खेड्यातून आलेला मुलगा, सायकलवर शिकला, नोकरी सांभाळून कला जोपासली, स्वतःच्या पायांवर उभा राहिला: असे माझे वर्णन करण्यात येऊ लागले. मला ते आवडे. कोणाला आवडणार नाही?

दर भाऊबिजेला मी बाईकडे जात असे. तिचे सासर आंबागडपासून फार दूर नाही. ओवाळणीत लुगडे घाली, पैसे ठेवी, आणि जेवताना तिच्या मुलांना सांगे, "तुमच्या आईने माझ्यासाठी फार मोठा त्याग केला." बाई काही बोलत नसे. पाने वाढीत राही. अशी किती वर्षे गेली कोणास ठाऊक! आणि मग एका भाऊबिजेला, हातातली वाटी खाली ठेवून, अगदी शांतपणे ती म्हणाली, "भाऊ, त्याग नोको म्हनू. त्याग करतात तो. मले तं कोनी इचारलंच नाई."

त्या वाक्याने माझी सगळी वही उलटी झाली.

त्याग हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्यागाला दोन गोष्टी लागतात, असे मला आता वाटते. एक, कोणीतरी विचारावे लागते, निदान स्वतःच्या मनाला तरी. आणि दोन, 'नाही' म्हणण्याची सोय असावी लागते. कर्णाकडे कवचकुंडले मागितली गेली. तो नाही म्हणू शकत होता, म्हणून तो दाता. एकलव्याची गुरुदक्षिणा क्रूर खरी, पण ती देखील मागितली गेली. भरताला सिंहासन मिळत होते; त्याने ते न घेता पादुका ठेवल्या. पण ऊर्मिलेला कोणी विचारले होते? लक्ष्मण वनात जायला निघाला आणि चौदा वर्षांचा विरह तिच्या वाट्याला आला. पुढच्या पिढ्यांनी तिला त्यागमूर्ती म्हणून नमस्कार केला. तो नमस्कार मनापासूनचा असेल. पण त्यात आपलीही एक सोय झाली. जे घेतले गेले त्याला 'दिले' म्हटले की घेणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. मी दर भाऊबिजेला बाईची स्तुती करीत होतो असे मला वाटे. खरे म्हणजे मी माझे हात धूत होतो.

कोणी म्हणेल, काळच तसा होता. वडिलांना दोष देऊन काय उपयोग? मी वडिलांना दोष देत नाही. ते कष्टाळू आणि मायाळू गृहस्थ होते. गरिबी होती हेही खरे. पण बारकाईने पाहिले तर गरिबीने एवढेच ठरवले होते की घरात सायकल एक असेल. तिच्यावर कोण बसेल हे गरिबीने ठरवले नव्हते. पहिला नंबर आलेली मुलगी घरात आणि तिसरा आलेला मुलगा शाळेत, हा निर्णय धानाच्या भावाने केला नव्हता. तो माणसांनी केला होता. आणि मी दहा वर्षांचा असलो, तरी त्या वेळी गप्प बसलो होतो. माझ्या अपराधाचे वजन लहान असेल. पण ते शून्य नाही.

स्वतःच्या पायांवर उभे राहणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात. त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला फार प्रिय आहे, कारण तिच्यात माझ्या आयुष्यातल्या तिन्ही गोष्टी आहेत: कला, सायकल आणि गाव सोडणे. १८६९ साली जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. पण काही रंग त्याच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. तेव्हा तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. १८८८ साली बेळगावात किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान निघाले. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे तो नांगर पहिल्यांदा विकला जाईना. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक दार बंद झाले म्हणून खचू नये, असे या गोष्टीचे तात्पर्य आपण मुलांना सांगतो, आणि ते खोटे नाही.

पण बाईच्या त्या वाक्यानंतर मी ही गोष्ट पुन्हा वाचली, तेव्हा मला दुसरी माणसे दिसू लागली. लक्ष्मणराव मुंबईत असताना बेळगावात दुकान सांभाळणारे थोरले बंधू रामूअण्णा दिसले. माळाची जमीन देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी दिसले. ते स्वतः चित्रकार होते. किर्लोस्करांनी उद्योगाला 'ब्रदर्स' असे नाव ठेवले, ते मला आता फार प्रामाणिक वाटते. तिकडे अमेरिकेत १९०३ साली विमान उडवणारे राइट हेही सायकलदुकानदार, आणि तेही दोघे भाऊच. पण त्यांचीही कीर्ती दोघांची म्हणूनच सांगतात. मग माझ्या प्रदर्शनाच्या फलकावर एकच नाव का होते? नंदीचे डोळे कोणी काढले होते?

सायकलीच्या चाकाकडे कधी नीट पाहिले आहे का? आपल्याकडच्या जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात. एकेक तार हाताने सहज वाकते; पण सगळ्या ताणून बसवल्या की त्यांच्यावर माणूस आणि धानाचे पोते दोन्ही पेलते. आणि गंमत अशी की चाक जसजसे वेगाने फिरू लागते तसतशा तारा दिसेनाशा होतात. स्वतःच्या वेगावर खूश असलेल्या माणसाचे असेच होते.

चूक कळल्यावर माणूस फेडायची घाई करतो. मीही केली. बाईच्या नातीला एक चांगली सायकल घेऊन द्यावी, म्हणजे साठ वर्षांचे वर्तुळ पुरे होईल, असे माझ्या मनाने घेतले. कल्पना मला इतकी सुंदर वाटली की मी ती बाईला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती हसली. "तिले सायकल शाळेतून भेटली. सरकार देते आता पोरींले. तू आपला हिसाब तिच्या नावावर नोको लिहू."

किती खरे बोलली! आपल्याला मिळालेले पुढच्या पिढीला द्यावे, हा विचार थोर आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि पितरांचे ऋण संततीने फिटते, असे आपले पूर्वज म्हणत. त्यात हेच सूत्र आहे. पण पितर समोर नसतात, म्हणून ते ऋण पुढे फेडावे लागते. जिचे देणे आहे ती समोर बसलेली असताना ते दुसऱ्या कोणाला देऊन मोकळे होणे, हा धर्म नव्हे. ही पळवाट आहे. पुढच्यांना अवश्य द्यावे, पण ते मागची बाकी म्हणून लिहू नये.

मग बाकी कशी फेडायची? मला वाटते, काही बाक्या फिटतच नाहीत. गेलेली शाळा परत देता येत नाही. करता येतात त्या दोनच गोष्टी. पहिली म्हणजे गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे. माझ्या घरी आता जे नंदी उरले आहेत, त्यांच्या पोटाखाली मी दोघांची नावे कोरली आहेत. आणि दुसरी म्हणजे, तेव्हा जे कोणी केले नाही ते, कितीही उशीर झाला तरी, करणे: विचारणे.

मागच्या भाऊबिजेला मी ओवाळून घेतले, आणि ताटात काही ठेवण्याआधी म्हणालो, "बाई, तुले काय पायजे?"

तिने निरांजन खाली ठेवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटले, तिला प्रश्न ऐकू आला नसावा. पण तिला तो नीट ऐकू आला होता. हा प्रश्न तिला आयुष्यात फारसा कोणी विचारला नसावा, म्हणून उत्तर शोधायला वेळ लागत होता. शेवटी ती म्हणाली, "तुही ते तुमसरची शाळा एकडाव आतून पाहाची आहे."

"चल, उद्याच नेतो," मी म्हणालो.

"उद्या कायले? दिवारीची सुट्टी आहे ना! बंद शाळा पाहून काय करू? पोरंपोरी बसले असतीन तवा ने."

पाऊस, तिचे गुडघे आणि माझा मोतीबिंदू यांत ते वर्ष निघून गेले. पण या दिवाळीनंतर शाळा उघडली की आम्ही जाणार आहोत. मी मोटार सांगून ठेवली आहे. दिवस मात्र मी ठरवलेला नाही. तो तिने ठरवायचा आहे.