शेवटची काही पावलं

आपल्या फ्रीमाँटच्या पाठीशी उभं असलेलं मिशन पीक जेमतेम अडीच हजार फुटांचं. स्टॅनफर्ड अव्हेन्यूकडून जा, नाहीतर ओलोनी कॉलेजच्या वाटेने. वरच्या त्या खांबापाशी फोटो काढल्याशिवाय सहसा कोणी खाली उतरत नाही. फोटो नाही तर चढलोच नाही, असा जणू नियमच! म्हणूनच कांचनजंगेची गोष्ट आपल्याला विचार करायला लावते.

नेपाळ-सिक्कीम सीमेवरचं हे ८,५८६ मीटर उंचीचं शिखर जगात तिसरं. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'च्या दहा जणांनी २०१९ मध्ये सर केलं, ते हेच. सिक्कीमच्या लोकांचं ते दैवत. १९५५ मध्ये चार्ल्स इव्हान्स यांची ब्रिटिश तुकडी नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीच्या वाटेने निघाली, तेव्हा माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द देऊन निघाली. २५ मे रोजी जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड माथ्यापासून काही फुटांवर पोचले आणि थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर गेले, तेही थांबले. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या भारतीय सैन्याच्या तुकडीने सिक्कीमच्या बाजूची बिकट ईशान्य सोंड चढून काढली. त्यांनीही माथा अस्पर्शच ठेवला. वाटा दोन, मर्यादा एकच.

डॉक्टर म्हणून मला याचं विशेष वाटतं. त्या उंचीवर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश असतो. मेंदू मंदावतो, सारासार विचार डळमळतो. पाहायला कोणी नसतं. अशा ठिकाणी या गिर्यारोहकांनी शब्द पाळला. श्रद्धा त्यांची नव्हती. शब्द मात्र त्यांचा होता.

इव्हान्स स्वतः शल्यचिकित्सक. १९५३ मध्ये एव्हरेस्टचा माथा सुमारे शंभर मीटरवर दिसत असताना ते आणि टॉम बूर्डिलाँ माघारी फिरले होते. तीन दिवसांनी तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले. एक थांबणं जीव राखण्यासाठी, दुसरं शब्द राखण्यासाठी.

मग प्रत्येक थांबणं थोरच का? नाही. पायथ्याशी बसून "मला शिखराची हाव नाही" म्हणणं सोपं आहे. त्याला वैराग्य म्हणत नाहीत. हाताशी आलेलं सोडलं, तरच ते सोडणं. आणि त्यात उणेपणाही नाही. कांचनजंगेची पहिली यशस्वी चढाई म्हणून इतिहासात १९५५ चीच नोंद आहे. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबलो म्हणून आपलं दर्शन कुठे अपुरं राहतं?

अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, आणखी काही करता येईल का?" बहुतेक वेळा करता येतं, आणखी एक नळी, आणखी एक यंत्र. पण ते करावं का, हा प्रश्न वेगळा. भारतात वैद्यकीय शिक्षण घेताना आम्ही करायला शिकलो. थांबायला रुग्णांनी शिकवलं.

आपण इथे आलो ते चढण्यासाठीच. मुलांनाही रोज "आणखी थोडं" म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण कधीतरी, ती अगदी माथ्याजवळ असताना, "इथे थांबलास तरी चालेल" असं त्यांना आपल्याच तोंडून ऐकायला मिळायला हवं. दुसऱ्या कोणी सांगितलं, तर ती ते पराभव समजतील.