चौसष्ट कलांच्या अधिपती

गणराया, आईने आपल्या हातांनी तुला आकार दिला आणि तू जिवंत झालास. चौदा विद्या, चौसष्ट कलांचा तू स्वामी. मी समुपदेशक आहे. जिथे बोलणं अडतं तिथे समोरच्यापुढे कागद, तेलखडू किंवा शाडूचा गोळा ठेवते. माझ्याकडे येणाऱ्यांसाठी आज तुझ्यापुढे हात जोडते.

ही वाट ज्यांनी घालून दिली, त्यांचं स्मरण आधी करू दे. क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना इंग्लंडमधला चित्रकार एड्रियन हिल चित्रं काढत राहिला, सोबतच्या रुग्णांनाही त्याने चित्रांची गोडी लावली आणि १९४२ साली या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं. ब्राझीलमध्ये डॉ. नीझे दा सिल्व्हेरा यांनी रुग्णांना विजेचे झटके द्यायला ठाम नकार दिला आणि १९४६ साली मनोरुग्णालयातच चित्रशाळा उघडली. आणि फ्रीडल डिकर-ब्रँडाइस! नाझींच्या कैदेत, तेरेझीनमध्ये, ती मुलांना चित्रकला शिकवायची. माणसांना जिथे क्रमांक लावले जात, तिथे ती प्रत्येक मुलाला चित्रावर स्वतःचं नाव घालायला सांगायची. १९४४ साली ऑशविट्झमध्ये तिचा जीव घेतला गेला. तिच्या वर्गातली बहुतेक मुलंही वाचली नाहीत. तिने दोन सुटकेसमध्ये जपून ठेवलेली साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मात्र उरली. या सर्वांपुढे माझं मस्तक नम्र होतं.

देवा, माझ्या जिभेला आवर घाल. एखादा मुलगा काळा खडू इतका दाबून फिरवतो की खडू मोडतो, कागद फाटतो, आणि तरी त्याचा हात थांबत नाही. अशा वेळी ‘काळा म्हणजे दुःख’ असं ठरवून मोकळं होण्याचा मोह मला होऊ देऊ नकोस. तो काळा रंग त्याची रात्र असेल, आजीचे केस असतील, नाहीतर नुसता काळा रंग असेल. ‘याबद्दल सांगशील का मला?’ एवढंच मी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. चित्र त्याचं, तर अर्थही त्यालाच सापडू दे. माझ्या शहाणपणाने त्याचा शोध मध्येच तोडू नये.

‘मला कुठे चित्र काढता येतं, शाळेनंतर खडू हातात धरला नाही,’ असं म्हणत कागद मागे सारणाऱ्या बाईला धीर दे. इथे चित्र सुबक यावं लागत नाही, गुण मिळत नाहीत, हे तिला मनापासून पटू दे. घरात सगळ्यांच्या आवडीनिवडी तोंडपाठ असलेल्या त्या बाईला स्वतःचा आवडता रंग कोणता, हे शोधायला उसंत मिळू दे.

माझ्या कपाटात ठेवलेली चित्रं मला विश्वासाने सोपवलेली आहेत. ‘काय काढलंय त्याने, दाखवा ना,’ असं आईवडील काळजीने विचारतील, तेव्हा त्यांची काळजीही मला कळू दे आणि मुलाचा विश्वासही माझ्याकडून राखला जाऊ दे. जिवाला धोका दिसेल, तिथे मात्र गप्प न राहण्याचं भान दे. रंगांनी सगळं बरं होतं, असा गर्व मला शिवू देऊ नकोस. औषधाची गरज असेल त्याला वेळेवर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची बुद्धी दे.

आणि विघ्नहर्त्या, जे अजून कुणाकडेच पोचले नाहीत, त्यांची वाट मोकळी कर. मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं २०१७ च्या कायद्याने सांगितलं. १४४१६ हा ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने कितीतरी घरांत दुखणं दडवलं जातं. ‘वेड लागलंय का?’ असं हिणवणाऱ्या तोंडांत ‘बरं वाटत नाहीये का?’ हा प्रश्न येऊ दे. तापाला डॉक्टर गाठावा तितक्या सहजपणे माणसाला मनाच्या दुखण्यासाठी मदत मागता येऊ दे. जो मागेल त्याला ती परवडू दे, त्याच्या गावाजवळ मिळू दे. आणि ती देणाऱ्या आम्हा सर्वांचे कान शाबूत ठेव, मन मऊ ठेव, हीच तुझ्या चरणी प्रार्थना.