तीन ‘आणि’, एक राजधानी

दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव. २६ जानेवारी २०२० पासून या केंद्रशासित प्रदेशाचे अधिकृत नाव हे असे आहे. कायद्याने दोन सरकारे जुळवली, पण नावे काही जुळेनात, म्हणून तीन ‘आणि’ लागले.

विलीनीकरणाचे विधेयक २७ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत आणि ३ डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झाले. दोन सचिवालये, दुहेरी पदे, तेच अधिकारी दोन्हीकडे, हा खर्च कशाला, असे कारण सांगितले गेले. कारण खोटे नव्हते. २०११ च्या जनगणनेत दोन्ही प्रदेश मिळून सहा लाखही माणसे भरत नाहीत आणि प्रशासक तर आधीपासून एकच होता.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचेही असेच झाले होते. १६०३ मध्ये राजा एक झाला, संसद एक व्हायला १७०७ उजाडले. एडिंबरोच्या संसदेत पैसे वाटले गेल्याचे आरोप आजही होतात. तरी तिथे कराराचे एकेक कलम चर्चेला आले, मतदान झाले, स्कॉटलंडचे कायदे, न्यायालये आणि चर्च शाबूत राहिले. विकले गेले म्हणा हवे तर, पण विचारले गेले. नगर हवेलीतल्या खानवेलला विचारायचे कुणी आणि कुठे? इथे विधानसभा नाही आणि राज्यसभेत या प्रदेशाची एकही जागा नाही.

हेच खानवेल १९५४ च्या ऑगस्टमध्ये महत्त्वाचे ठिकाण होते. मुक्तिलढ्यात सिल्वासा हातचे जाताच पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो पोलिसांची तुकडी घेऊन इकडे पळाला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. पुढची सात वर्षे ‘वरिष्ठ पंचायत’ नावाच्या मंडळाने दादरा आणि नगर हवेलीचा कारभार पाहिला. १९६१ साली त्याच तारखेला, ११ ऑगस्टलाच, या मुक्त प्रदेशाचे एका दिवसाचे ‘पंतप्रधान’ बदलानी यांनी नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही केली. दमण-दीव आले ते त्याच वर्षी डिसेंबरात, लष्करी कारवाईने. एक प्रदेश सहीने आला, दुसरा सैन्याने. विधेयकाच्या सरकारी कारणमीमांसेत हा फरक मावत नाही.

राजधानी ठरली दमण. पोर्तुगीज अमदानीत नगर हवेलीचा कारभार दमणहूनच चाले. दमणहून इथे यायला भारतीय मुलखातून वाट हवी, म्हणून पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले होते. १९६० च्या निकालाने नागरी वाहतुकीचा हक्क मान्य केला, फौजेचा नाकारला, आणि १९५४ मध्ये ती वाट अडवण्यात भारताची चूक नव्हती असेही सांगितले. आज नगर हवेलीतल्या दुधनीच्या वारली माणसाला सचिवालय गाठायचे तर खानवेल, सिल्वासा, मग गुजरातच्या हद्दीतले वापी आणि शेवटी मोटी दमण. वाट तीच, फक्त उलट्या दिशेने.

खर्च वाचला असेल तर चांगलेच. पण कचेऱ्या एकत्र करणे आणि माणसांना आवाज देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि २०१९ च्या कायद्याने पहिलेच केले. पुदुच्चेरीला १९६३ पासून विधानसभा आहे. दमण आणि दीवचाही एकेक आमदार १९६३ ते १९८७ या काळात पणजीच्या विधानसभेत बसत होता. खानवेलने आजवर एकदाही आमदार निवडलेला नाही.