दारी आलेला निळा पाहुणा



उन्हाळा लागला की आपल्या डोईफोडियात घरोघरी गच्चीवर पाण्याचा सकोरा आणि मूठभर ज्वारी ठेवलेली असते. चिमण्या येतात, साळुंक्या येतात, होले येतात. आणि एखाद्या दिवशी ग्रुपवर फोटो पडतो, निळा किंवा पिवळा इवलासा पोपट. खाली लगेच हात जोडलेले, फुलं, आणि "सुटला बिचारा, देवाने मोकळं केलं!"

खरंच मोकळं केलं का?

बाजारात ह्याला 'लव्हबर्ड' म्हणतात, पण बहुतेक वेळा तो बजरीगर असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० साली जॉन गूल्ड ह्या पक्षितज्ज्ञाने तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढे पिंजऱ्यापिंजऱ्यांतून तो जगभर गेला. रानातला बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळा, पांढरा हे रंग माणसाने पैदास करून वाढवले. म्हणजे सकोऱ्यावर बसलेल्या निळ्या पाखराच्या आज्या-पणज्यानेही रान पाहिलेलं नाही. दाणा कुठे शोधायचा, शिक्रा आला की कुठे दडायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नाही. त्यात ही थव्याने राहणारी जात. एकटा पडला की चिमण्यांत जाऊन बसतो. आपल्याला वाटतं रमला. रमला कुठला, भेदरलाय तो.

कोणी म्हणेल, आपला राघू नाही का परदेशात राहिला? बरोबर आहे. पिंजऱ्यातून सुटलेले राघू लंडनच्या बागांत आज हजारोंनी आहेत. पण ते पुष्कळ होते, दणकट होते, आणि जगले ते आपल्याला दिसतात. मेलेल्यांचे फोटो कोणी काढत नाही. निमाडच्या उन्हात, कावळ्यांच्या तावडीत एकट्या बजरीगरला तेवढी संधी नाही.

तेव्हा दया करायची तर त्याला धरायला हवं, आणि हेच आपल्या मनाला पटत नाही. पिंजरा उघडणं म्हणजे पुण्य, असं आपण धरून चाललोय. (पुण्य म्हणून मुनिया विकत घेऊन सोडतात, तेही तसंच. आपण पैसे दिले की पारधी उद्या पुन्हा जाळं लावतो.) उघड्या पिंजऱ्यात राळा आणि पाणी ठेवून गच्चीवर सावलीत ठेवा. भुकेलं पाखरू बरेचदा आपणच आत येतं. शेव-बिस्किट देऊ नका. मांजर लांब ठेवा.

आणि मालक सापडला, पण त्याचा पिंजरा टीचभर असला तर? ह्यावर आपल्या दोन घरांत वादही झाला. आम्हाला वाटतं, पाखरू परत द्यावं. दुसऱ्याचं जनावर आपण ठेवून घेतलं तर त्याला दया म्हणता येत नाही, मग कारण कितीही चांगलं असो. मात्र देताना मोठ्या पिंजऱ्याचं आणि जोडीदाराचं बोलावं, तेही भांडणाच्या सुरात नको. ऐकलं तर बरं; नाही ऐकलं तर आपला इलाज नाही, हे कडू वाटलं तरी.

राघूची गोष्ट वेगळी. तो इथलाच, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला घरी पाळता येत नाही. पंख कापलेला राघू अंगणात आला तर "मिठू मिठू" करत ठेवून घेऊ नका आणि मालकही शोधू नका, वन विभागाला कळवा. पिलापासून माणसांत वाढलेला असेल तर त्यालाही एकदम उडवून देणं बरं नाही.

बजरीगरच्या मालकासाठी ग्रुपवर फोटो जरूर टाका. पण पायात कडी असेल तर तिचा नंबर त्यात दिसू देऊ नका. "माझा आहे" म्हणत येईल त्यालाच तो विचारा.